मेलेला माणूस गावाला गेलेला नसतो

दिवाळी अंकात मरणाचा हिशेब मांडणे अभद्र वाटेल, याची मला जाणीव आहे. पण तो हिशेब चुकतो आहे, आणि चुकवणारे चांगले शिकलेसवरलेले लोक आहेत. तेव्हा बोलणे भाग आहे.

कात्रजचा घाट उतरून सातारा रस्त्याने खेड-शिवापूरच्या पुढे गेले की भोर तालुक्यातले वरवे बुद्रुक लागते. तेथल्या माझ्या एका स्नेह्याच्या वडिलांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रॉस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. रोग सावकाश वाढणारा. शहरातल्या डॉक्टरांनी एक आलेख पुढे सरकवून सांगितले, की दहा वर्षांत या रोगाने मरण्याचा संभव शेकडा वीस. मुलगा रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा विकायला निघाला. तात्या आलेख निरखीत म्हणाले, "आन् त्याच्या आधी दुसऱ्याच कशानं गेलो, तर ते ह्यात धरलंय का?" डॉक्टर नुसते हसले. त्या खोलीत संख्याशास्त्र कोणाला कळले असेल, तर ते तात्यांना.

कारण ते बहुधा धरलेले नसते. समजा, असा रोग जडलेले शंभर वृद्ध आहेत. पहिल्या वर्षी त्यांतले पन्नास हृदयविकाराने, न्यूमोनियाने, कोणी रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडून गेले. दुसऱ्या वर्षी उरलेल्या पन्नासांतले दहा कर्करोगाने गेले. शंभरांतले कर्करोगाने किती मेले? दहा, चौथीतले पोरही सांगेल. पण कॅप्लन आणि मायर यांनी 1958 साली मांडलेली आणि आज संगणकाच्या एका कळीसरशी चालणारी जी रीत आहे, तिच्यात त्या पहिल्या पन्नास मृतांच्या नावापुढे 'पुढची माहिती नाही' एवढीच खूण केली, की उत्तर येते वीस. पन्नासांत दहा, म्हणून शेकडा वीस!

दोष कॅप्लन-मायर यांचा नव्हे. जो रोगी मुंबईला मुलाकडे राहायला गेला, ज्याच्याकडून पत्राचे उत्तर येत नाही, त्याच्यासाठी ही खूण आहे. तो कुठेतरी जिवंत आहे, आणि मागे राहिलेल्यांचे जे होईल तेच साधारण त्याचे होईल, असे मानायला हरकत नाही. पण जो सरणावर गेला त्याला उद्या कर्करोगाने मरता येत नाही. त्याला गावाला गेलेल्यांच्या यादीत घालणे म्हणजे त्याला मनातल्या मनात जिवंत ठेवून पुन्हा एकदा मारणे होय.

'दुसरी मरणेच नसती तर' असा प्रश्न विचारण्याला माझा विरोध नाही. डॅनियल बर्नूली याने 1760 साली देवीच्या रोगाविषयी तो विचारलाच होता: देवी नाहीशा झाल्या, तर माणसाचे सरासरी आयुष्य किती वाढेल? 26 वर्षे 7 महिन्यांचे 29 वर्षे 9 महिने होईल, असे त्याचे उत्तर आले. मात्र आपण 'जर-तर'च्या राज्यात आहोत, हे तो जाणून होता. आमचे पंडित ते राज्य खऱ्या रोग्याच्या हातात सातबारासारखे देतात. शिवाय, एक कारण काढून टाकले तर उरलेली कारणे होती तशीच राहतील, हे गृहीत खरे की खोटे, ते जमलेल्या आकड्यांवरून ठरवताच येत नाही. त्सियाटिस याने 1975 साली हे सिद्ध करून ठेवले आहे. फार कशाला, आमच्या पुणे विद्यापीठातच जयंत देशपांडे यांनी मृत्यूच्या या स्पर्धक कारणांवर संशोधन केले. वरव्याहून पुणे काही लांब नाही. ज्ञान मात्र घाट चढून येत नाही असे दिसते.

आता उलट बाजूचा अतिरेक. 1999 साली फाइन आणि ग्रे यांनी नवी रीत दिली. तिच्यात दुसऱ्या कारणाने मेलेल्यांनाही पंगतीत बसवून ठेवतात. तात्यांच्या प्रश्नाला हे बरोबर आहे. संभव दहाच येतो. पण काही मंडळी आता हीच रीत जिथे तिथे लावतात. एखाद्या औषधाने रोगी हृदय बंद पडून लवकर मरू लागले, तर कर्करोगाने मरायला माणसे कमी उरतील, आणि या रीतीने औषध कर्करोगावर गुणकारी ठरेल! औषधाचा रोगावरचा जोर मोजायचा, तर जिवंत आणि धोक्यात असलेल्यांतच मोजला पाहिजे.

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी केलेल्या गटात 34,126 स्त्रियांपैकी 34 या कर्करोगाने मेल्या; तपासणीविना ठेवलेल्या गटात 31,488 पैकी 64. (त्यांना तसे ठेवणे योग्य होते का, हा वाद निराळा, आणि तो लहान नाही.) आठ वर्षांत दोन्हीकडे इतर कारणांनी गेलेल्या स्त्रिया याहून कितीतरी पटींनी अधिक असणार. पण चाचणीने रोगाचे मरण टळते का, एवढाच प्रश्न होता, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यामुळे इतर मरणे दोन्हीकडे सारखीच यायची. तेथे इतर मृतांना शर्यतीतून बाजूला काढले तर बिघडत नाही. तेच आकडे घेऊन एखादीला 'तुझा संभव किती' असे सांगायला बसलात, तर बिघडते. तेव्हा दोन प्रश्नांना दोन उत्तरे छापा, शेजारी शेजारी. कागद काही इतका महाग झालेला नाही.

आणि हे सारे मरणाचे कारण ठाऊक असेल तर. 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22 टक्क्यांना वैद्यकीय कारणाचा दाखला होता. खेड्यातला म्हातारा घरी गेला, की 'वार्धक्य' किंवा 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहून वही मिटते. हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाही?

तात्यांनी तुकडा विकू दिला नाही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासून येतात, आणि रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरतात.