क्षमादानाला कारण हवे

न्यायाधीशाच्याही हातून चूक होऊ शकते आणि कायद्याच्या चौकटीत न बसणारी करुणा समाजाला कधीतरी लागतेच, हे ओळखून भारतीय राज्यघटनेने अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना व अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना न्यायालयाच्या शिक्षेत हस्तक्षेप करण्याचा अधिकार दिला आहे. शिक्षा पूर्णपणे माफ करणे म्हणजे क्षमादान, तिची मुदत घटवणे म्हणजे सूट, फाशीच्या जागी जन्मठेप देणे म्हणजे सौम्यीकरण आणि तिची अंमलबजावणी काही काळ रोखणे म्हणजे निलंबन. हे आदेश राष्ट्रपती-राज्यपालांच्या नावाने निघत असले तरी ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काढावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मारू राम खटल्यात स्पष्ट केले. म्हणजेच दयेचा निर्णय अखेर निवडून आलेल्या पुढाऱ्यांच्या हाती असतो, आणि वादाचे मूळ नेमके येथेच आहे.

जाधवराव घराण्याशी इतिहासाने जोडलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या देऊळगाव राजा परिसराला लहरी सत्तेची ओळख करून द्यावी लागत नाही. सिंदखेडचे लखुजी जाधवराव १६२९ साली दौलताबादेत निजामशाही दरबारात मुलांसह मारले गेले, तेव्हा ना आरोप मांडला गेला ना बचाव ऐकला गेला. ज्या राजवटीत जीव घ्यायला कारण लागत नाही, तिथे जीवदान द्यायलाही ते लागत नाही. राज्यघटनेने हा अधिकार ठेवला, पण तो राजाच्या मर्जीतून काढून कायद्याच्या कक्षेत आणला. ही कक्षा किती पाळली गेली, हे महाराष्ट्रातील काही प्रकरणांवरून तपासता येते.

नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांची गोळ्या झाडून हत्या केली. ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले आणि ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी आदेश काढला, की सर्वोच्च न्यायालयातील अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा निलंबित राहावी आणि नानावटींना तुरुंगाऐवजी ‘आयएनएस कुंजाली’ येथील नौदलाच्या कोठडीत ठेवावे. न्यायालयाचे वॉरंट या आदेशामुळे न बजावताच परत आले. हुकूम न्यायालयाचा चालणार की राजभवनाचा, हा प्रश्न त्या एका कागदाने उभा केला. ५ सप्टेंबर १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले, की प्रकरण त्या न्यायालयापुढे असताना राज्यपालांना शिक्षा अशी निलंबित ठेवता येत नाही. शिक्षा १९६१ च्या नोव्हेंबरात कायम झाली, पण १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना क्षमादान दिले. आयात परवान्यांच्या गैरवापराबद्दल शिक्षा झालेले सिंधी व्यापारी भाई प्रताप यांनाही त्याच वेळी क्षमा मिळाली. आहुजा कुटुंबाची बाजू सांभाळणारे वकील राम जेठमलानी यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, मृत आहुजाही सिंधी असल्याने तो समाज नाराज होऊ नये म्हणून हे दोन निर्णय एकमेकांना जोडले गेले आणि मृताच्या बहिणीची लेखी संमतीही मिळवण्यात आली. हे खरे मानले, तर ती दया नव्हती, तो सौदा होता. नानावटी कदाचित क्षमेस पात्रही असतील. पण ती पात्रता कोणत्या कसोटीवर ठरली, हे जनतेला समजावून सांगितले गेले नाही, आणि त्याच सुमारास इतर तुरुंगांत खितपत पडलेल्या, ओळखपाळख नसलेल्या कैद्यांच्या अर्जांना ती कसोटी का लागू झाली नाही, या प्रश्नाला उत्तर उरले नाही.

याच्या उलट टोकाला कोल्हापूरच्या गावित बहिणींचे प्रकरण आहे. लहान मुलांचे अपहरण व हत्या यांबद्दल त्यांना झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली आणि राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ साली फेटाळला. मात्र अर्जाच्या निर्णयाला सुमारे सात वर्षे दहा महिने लागले, या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. फाशीच्या छायेत माणसाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे ही स्वतंत्र यातना आहे, हे न्यायालयाचे तत्त्व योग्यच आहे. तरीही ज्यांची मुले गेली त्या आईबापांच्या वाट्याला आलेला निकाल कोणाच्या करुणेतून आलेला नव्हता. तो सरकारी दिरंगाईतून आला होता.

शिक्षेतील सूटही कधी कधी मर्जीनुसार वापरली जाते. गुजरात दंगलीतील बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणाचा खटला गुजरातबाहेर मुंबईत चालला आणि २००८ साली अकरा जणांना जन्मठेप झाली. गुजरात सरकारने त्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतीपूर्वी सोडले, तेव्हा बाहेर त्यांचे हारतुऱ्यांनी स्वागत झाले. शिक्षा महाराष्ट्रात झाल्याने सुटकेचा निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचाच होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सूट रद्द केली. पीडितेला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी बाब होय.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने फाशीच्या कैद्याला दयेच्या अर्जासाठी तीस दिवसांची आणि राज्याचे अभिप्राय मिळाल्यावर केंद्राला शिफारशीसाठी साठ दिवसांची मुदत घालून दिली, हे स्वागतार्ह आहे; पण राष्ट्रपतींच्या निर्णयाला कोणतीही मुदत नाही, आणि तो निर्णय कसा झाला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असेही तेच कलम म्हणते. एपुरू सुधाकर खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने जात, धर्म वा पक्षनिष्ठा पाहून दिलेली क्षमा न्यायालयीन तपासणीतून सुटत नाही असे बजावले होते. त्या इशाऱ्यानंतर हे दार बंद करू पाहणे घातक आहे.

महाराष्ट्र शासनाने अनुच्छेद १६१ खालील प्रत्येक निर्णयाची कारणे लेखी नोंदवून प्रसिद्ध करावीत, आणि निर्णयापूर्वी पीडिताच्या कुटुंबाला मराठीत लेखी कळवून त्याचे म्हणणे ऐकावे. दिवाळीनंतर नागपुरात भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात बुलढाणा जिल्ह्यातील आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, ही मागणी सभागृहात मांडावी आणि वाचकांनी त्यांना तसे पत्र पाठवावे, अशी या अंकाची विनंती आहे.