स्टीअरिंगचा जीर्णोद्धार

जुनी वस्तू दुरुस्त करावी की बदलून टाकावी, हा प्रश्न गॅरेजातल्या मिस्त्रीला रोज पडतो. साहित्याच्या अभ्यासकाला तो क्वचितच पडतो. तो पडायला हवा असे आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही एका भेगाळलेल्या स्टीअरिंगच्या आधारे मांडणार आहोत. वाचकांनी हसू नये.

गाडी प्रीमिअर पद्मिनी. मुळातली फियाट ११००. तिचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अशा गाडीतून बुलढाण्याहून राजूर घाट उतरून आम्ही रोहिणखेडला निघालो होतो. वळणावळणावर चाकाची भेग तळहाताला टोचत होती. त्याहून वाईट म्हणजे, चाक चांगले चार बोटे फिरवल्याखेरीज गाडी वळायचे नाव घेत नव्हती.

निघण्यापूर्वी दोन सल्ले मिळाले होते. सुट्या भागांचा एक दुकानदार म्हणाला, "हे काढून टाका साहेब, नवीन लेदरचं बसवून देतो, गाडी एकदम फ्रेश दिसेल." जुन्या गाड्यांचा एक शौकीन म्हणाला, "कशालाही हात लावू नका. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल." आमच्या मते दोघेही सारखेच चुकत होते, कारण झीज म्हणजे काय याचा विचार दोघांनीही केलेला नव्हता.

स्टीअरिंगची झीज दोन प्रकारची असते. पहिली चाकाची. आत पोलादी कडे आणि वर प्लास्टिकचा थर. उन्हाने दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत, वयाबरोबर थर आकसतो, आणि जिथे दांड्या कड्याला मिळतात तिथे तडे जातात. विदर्भाच्या उन्हात हे लवकरच घडते. दुसरी झीज डोळ्यांना दिसत नाही. स्टीअरिंग बॉक्समधले दाते, बुश, टाय रॉड एन्डचे गोळे झिजतात, आणि मिस्त्री ज्याला 'प्ले' म्हणतात तो वाढत जातो.

पहिल्या झिजेला दुरुस्ती हाच उपाय आहे. दांड्यावर आणि चाकावर आधी खूण करावी, नाही तर चाक परत बसवताना तिरके बसते. मग नट सोडवून पुलरने चाक काढावे. तडा कानशीने इंग्रजी व्ही अक्षरासारखा रुंद करावा, वर्षानुवर्षांचे तेलकटपण धुऊन काढावे, दोन भागांचे इपॉक्सी भरावे, वाळू द्यावे, जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत घासावे आणि शेवटी रंग द्यावा. दुसऱ्या झिजेला मात्र दया दाखवू नये. सैल झालेला टाय रॉड एन्ड ठाकूनठोकून पुन्हा बसवणे हा परंपराप्रेमाचा पुरावा नव्हे, बेजबाबदारपणाचा आहे. तो बदलावा आणि चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. सूत्र एवढेच: जिथे जीव टांगलेला आहे तिथे बदल, जिथे हात फिरला आहे तिथे दुरुस्ती, आणि दोन्ही ठिकाणी काय केले याची नोंद.

ही नोंदच लोकांना नकोशी असते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंविषयी सांगून ठेवले आहे की नव्याने भरलेला भाग मुळाशी सुसंगत असावा, पण मुळाहून वेगळा ओळखूही यावा. आणि अंदाज सुरू होतो तिथे पुनरुद्धार थांबावा. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने पुढे आपली तुरीन सनद याच धर्तीवर केली. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना वेगळी नोंदणी दिली. पण 'मूळ स्वरूप' म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवशीचे की चाळीस वर्षे हाताळल्यानंतरचे, हा प्रश्न उरतोच.

आता आमच्या घराकडे वळू. रोहिणखेडची मशीद १५८२ ची. अवघ्या दोन वर्षांनी, १५८४ मध्ये, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. अपपाठ काढले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. म्हणजे दुरुस्ती आणि बदल यांतला भेद त्यांना पक्का ठाऊक होता. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक खपून सिद्ध केली. मूळ संहितेत न घेतलेले पाठ फेकून न देता तळटीपांत जपले. कोणता भाग कुठून आला, हे तिथे कोणालाही तपासता येते.

आणि आज? एकोणिसाव्या शतकातली पुस्तके पुन्हा छापताना १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांबरहुकूम अनुस्वार उडवले जातात, जोडाक्षरे सरळ केली जातात, आणि प्रस्तावनेत त्याचा अवाक्षराने उल्लेख नसतो. विद्यार्थ्याला जुने लेखन वाचवत नाही, असे यावर सांगितले जाते. मान्य. वाचनच अडत असेल तर तो टाय रॉड एन्ड आहे असे समजा आणि जरूर बदला. पण बदलले म्हणून सांगा. न सांगता बदललेले पुस्तक वर्गात 'मूळ' म्हणून शिकवणे म्हणजे लेदरचे नवे चाक बसवून गाडी फियाटच्या काळातली असल्याचे भासवणे होय. त्या दुकानदाराने निदान चाक नवे आहे हे लपवले तरी नव्हते.

रोहिणखेडला आम्ही त्या मशिदीसमोर बराच वेळ उभे राहिलो. १४३७ आणि १५९० अशा दोन लढाया पाहिलेल्या या गावात काळाने झिजवलेल्या दगडाकडे पाहताना, तो गुळगुळीत करून रंगवावा असे आमच्या मनात एकदाही आले नाही.

परतल्यावर टाय रॉड एन्ड बदलले आणि चाकाची भेग भरून घेतली. पुढून ती दिसत नाही; मागच्या बाजूला मात्र बोट फिरवले की कळते. मिस्त्री तीही घासून टाकायला तयार होता, आम्हीच नको म्हटले. आमच्या संपादकांनी आणि अध्यापकांनी आपापल्या पुस्तकांची मागची बाजू अशीच विद्यार्थ्यांच्या बोटांना लागू द्यावी, एवढीच आमची मागणी आहे.