गावाच्या नावातला खजिना

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधाराने खेळायचा खजिन्याचा शोध. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढली आणि लगेच ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. गावातून फिरताना फलकावरचे साल, खिडक्यांची संख्या असे आकडे जमवून पुढच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढायचे. डबी सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचे.

या निमित्ताने मुले चालतात, जुन्या इमारतींकडे मान वर करून पाहतात, हे चांगलेच. पण आकडा टिपला की पाऊल पुढे, ही यातली खोट.

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातले सॅफ्रन वॉल्डन घ्या. त्याचे जुने नाव चिपिंग वॉल्डन. 'चिपिंग' म्हणजे बाजार, आपल्या गावांच्या नावातल्या 'पेठ'सारखाच. १६व्या-१७व्या शतकांत इथे केशराची शेती बहरली, रंगासाठी, औषधासाठी, जेवणासाठी. आणि गावाला केशराचे नाव मिळाले. 'सॅफ्रन'चे मूळ अरबी 'ज़ाफ़रान', उर्दूत आजही तोच शब्द. केशराची शेती ओसरली, शब्द राहिला. अस्सल इंग्रज गावाने अरबी मुळाचा शब्द नावात मिरवला, म्हणून त्याचे इंग्रजपण तसूभरही कमी झाले नाही.

दोन भाषा शिकवणारी शिक्षिका म्हणून मला वाटते, कोडे रचणाऱ्यांनी एक तरी प्रश्न असा ठेवावा ज्याचे उत्तर मोजून मिळत नाही: या गावाला हे नाव कुणी, कुठून आणून दिले? डबी दोन मिनिटांत सापडते. हे उत्तर मात्र मुलांना परक्या वाटणाऱ्या माणसांपर्यंत घेऊन जाते.