निरंक

सरकारी कागदावरचा एक शब्द मला फार अस्वस्थ करतो. निरंक. वरून प्रपत्र येतं, संध्याकाळच्या आत भरून द्यायचं असतं. गावात बाहेरून आलेली कुटुंबं किती, त्यांत सहा वर्षांखालची मुलं किती, गरोदर बायका किती. ज्याच्या हाती ते प्रपत्र पडतं त्याने वीटभट्टीजवळची पालं डोळ्यांनी पाहिलेली असतात. पण ती माणसं महिन्याभरात हलणार, त्यांच्याकडे इथला कागद नाही, आणि आकडा लिहिला की मागून आणखी चार प्रपत्रं येणार. मग रकान्यात निरंक पडतं आणि कागद वर जातो. गावागावाचे निरंक मिळून तालुका निरंक होतो. पाहिलेलं सगळं खालीच राहतं.

मराठवाड्यातल्या शेंद्र्याहून जालन्याकडे निघालं की रस्त्याच्या सोबतीने लोहमार्ग धावतो. करमाड स्टेशन मागे पडतं आणि बदनापूरच्या अलीकडे सटाणा शिवार लागतं. 8 मे 2020 च्या पहाटे सव्वापाचच्या सुमाराला इथे एका रिकाम्या मालगाडीखाली 16 मजूर गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसं जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने आदल्या संध्याकाळी ती रुळावरून चालायला लागली, पहाटे थकून तिथेच आडवी झाली. चालकाने माणसं पाहिली, गाडी थांबवायचा प्रयत्नही केला. रुळावर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र देशाने पाहिलं. त्या पोळ्या आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून हा विषय मी पुन्हा पुन्हा या स्तंभात आणतो.

तारखांचा क्रम पाहा. टाळेबंदी लागली 25 मार्चला. अडकलेल्या मजुरांना राज्याबाहेर जाऊ देण्याचा केंद्राचा आदेश निघाला 29 एप्रिलला. श्रमिक रेल्वे सुटू लागल्या 1 मेपासून. म्हणजे सटाण्याच्या त्या पहाटेला परवानगी होती, गाड्या होत्या, अर्जाची पद्धतही ठरलेली होती. वाचलेल्यांनी सांगितलं की पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. आदेश आणि माणूस यांच्यामधली वाट कुठे तुटली, हे कोणाला ठाऊक असणार? कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला ठाऊक होतं की आत किती जणांचा धीर सुटलाय. उधारी बंद केलेल्या किराणा दुकानदाराला ठाऊक होतं. नाकाबंदीवरच्या शिपायाला दिसत होतं की रस्त्यावर अडवलेली माणसं रुळाकडे वळतात. लोहमार्गाची रोज पायी पाहणी करणाऱ्या की-मॅनच्या तर ते अगदी समोर होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि ते तुकडे जोडून पाहण्याचं काम कोणाकडेच सोपवलेलं नव्हतं.

पुढे दोन्ही राज्यांनी मृतांच्या कुटुंबांना पाच-पाच लाख जाहीर केले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचे आदेश झाले. अशी चौकशी गाडी, सिग्नल, चालक यांच्याभोवती फिरते आणि ते योग्यच आहे. पण माणसं रुळावर का आली, याची चौकशी रेल्वेने करायची की महसूल खात्याने, कामगार खात्याने की पोलिसांनी? सगळ्यांच्या सीमेवरचा प्रश्न असला की तो कोणाच्याच फाइलीत राहत नाही.

त्याच वसंतात दुसरी एक गोष्ट बऱ्यापैकी नीट पार पडली होती, तीही सांगायला हवी. मराठवाड्यातले एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकले होते. 17 एप्रिलला राज्याने त्यांना गावी सोडण्याचा निर्णय घेतला. तपासणी झाली, याद्या झाल्या, वाहनं लागली. हाल झाले नाहीत असं मी म्हणत नाही. पण याद्या होऊ शकल्या, कारण कोणती टोळी कोणत्या फडावर, किती कोयते, कोणत्या गावचे, हे मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या शेतकी विभागात लिहिलेलं होतं. उचल दिलेली असते म्हणून ती वही चोख असते, ही त्यातली कडू बाजू. तरीही त्या पंधरवड्यात सरकारला वाट दाखवली ती त्या वहीने. शिवाय ऊसतोड मजुराला संघटना आहे, त्याचं दुःख जाणणारे आमदार आहेत. उमरियाच्या मजुरासाठी जालन्यात बोलणारं कोणी नव्हतं.

कामावरच्या माणसाला विचारून आखणी करणं आपल्याला नवीन नाही. दिंडीप्रमुखांशी, चोपदारांशी बोलल्याशिवाय पालखीच्या मुक्कामाचा आराखडा ठरत नाही. कोणत्या गावात पाणी पुरत नाही, कोणत्या वळणावर ट्रक अडकतात, हे ते सांगतात आणि अधिकारी लिहून घेतात. शेंद्र्यातच चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते. तिथे माणसांचा पूर येतो आणि ओसरतो, आणि तो कुठून कसा वाहतो हे गावच्या जुन्या माणसांना पाठ असतं. वारकऱ्यांना आपण भाविक म्हणतो. मजूर आला की मात्र आपण लोंढा म्हणतो. मला हा शब्द बोचतो. अंगणवाडीच्या ताईला लोंढा कधीच दिसत नाही. तिला दिसते सातवा महिना लागलेली एक बाई, जिचं कार्ड गावाकडे राहिलंय.

आता शेंद्र्याकडे बघा. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10 हजार एकरांची ऑरिक ही औद्योगिक नगरी, 2019 च्या सप्टेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते तिचा पहिला टप्पा राष्ट्रार्पण झाला. वीज, पाणी, केबल, सांडपाणी, सगळ्याची जमिनीखालून आधी आखणी. 2024 च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी सुमारे 20 हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. या जिल्ह्याने अशा बातम्यांची वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे आणि मलाही त्यांचा आनंद आहे. पण कारखान्याचा कामगार येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी पाया खोदणारा, सळई बांधणारा मजूर येतो. त्याची वस्ती नगरीच्या नकाशावर नसते. तो कुंभेफळ, लाडगाव, करमाडच्या एका खोलीत पाच-सहा जणांनी राहतो किंवा कामाच्या जागीच पत्रे ठोकतो. ही माणसं किती येतील याचा अंदाज सल्लागार कंपनी देईल. ती कुठे झोपतील, कोणत्या हापशावर जातील, आजारी पडली तर आधी कोणाचं दार वाजवतील, हे तिथली आशाताई सांगेल.

रेशन दुकानदाराचं उदाहरण घ्या. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे बिहारच्या कार्डावर इथे धान्य मिळायला हवं. बाहेरची कार्डं वाढली की महिन्याच्या कितव्या तारखेला पोती संपतात आणि रिकाम्या हाताने कोण परत जातं, हे त्याला विचारा. मुळात धान्याच्या लाभार्थ्यांची मर्यादाच अजून 2011 च्या जनगणनेवर उभी आहे. नवी गणना फेब्रुवारी 2027 मध्ये होणार, आणि फेब्रुवारीत मराठवाड्यातली लाखो माणसं फडावर असतात. घराला कुलूप, आत म्हातारी किंवा तीही नाही. शिक्षकांकडे शिक्षण हमी कार्ड आहे, स्थलांतरित मुलाने ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसावं म्हणून. कल्पना उत्तम आहे. पण ते कार्ड आईच्या पिशवीतून दुसऱ्या शाळेच्या हजेरीपटापर्यंत पोचतं की नाही, हे कार्ड देणाऱ्या गुरुजींना कोण कळवतं? पाठवणारा आणि घेणारा या दोघांची कधी गाठच पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने साथीनंतर करायच्या उजळणीची एक साधी रीत देशांना सांगितली आहे. प्रत्यक्ष काम केलेल्यांना एकत्र बसवायचं आणि विचारायचं: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. दोष कोणावर ठेवायचा नाही. आपल्या आढावा बैठकीत नेमकं उलटं घडतं. समोर साहेब, मागे साहेबांचे साहेब, पडद्यावर जिल्हा. तिथे ग्रामसेवक उभा राहून माझी योजना इथे फसली असं म्हणेल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. म्हणून अशा उजळणीच्या बैठकीत वरिष्ठ नकोत. टिपणं घेणारा दुसऱ्या खात्याचा हवा. आशा आणि अंगणवाडीताईंना त्या दिवसाचं मानधन हवं, कारण त्यांचा वेळ फुकट धरायची आपल्याला वाईट खोड लागली आहे. मुकादम आणि खोलीमालक यांनाही बोलवायला हवं, ते आपल्याला आवडोत न आवडोत. आणि मजुरांतल्या दोन-चार बायका हव्यातच. सांगितलेल्यापैकी काय केलं, काय जमलं नाही, हे महिन्याभरात त्यांना परत कळवायला हवं. हे शेवटचं चुकलं की पुढच्या वर्षी तोंडं मिटतात आणि रकान्यात पुन्हा निरंक येतं.

1876 ते 78 च्या दुष्काळानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात दुष्काळ संहिता लिहिल्या गेल्या. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या संहितांची कंजुषी कुप्रसिद्ध आहे, तिचं गुणगान मला करायचं नाही. पण त्यांत संकटाची आगाऊ चिन्हं दिलेली होती. धान्याचे भाव चढणं, सावकाराने हात आखडणं, चोऱ्या वाढणं, आणि माणसं नेहमीपेक्षा वेगळ्या वाटांनी भटकू लागणं. ही चिन्हं गावपातळीवरच्या माणसानेच ओळखून वर कळवायची होती. माणसं विचित्र वाटेने चालताना दिसली तर लगेच सांग, एवढी एक ओळ 2020 च्या मे महिन्यात की-मॅनच्या हातातल्या कागदावर असती तर?

आत्ता श्रावण आहे. ऊसतोडीच्या उचली वाटून झाल्या, दसरा झाला की गाड्या भरतील. त्याआधी अशा उजळणीला एक दुपार पुरेल. बैठक जिल्ह्याच्या सभागृहात नको, करमाडला शाळेत घ्या, स्टेशन तिथून जवळ आहे. आशाताई, गुरुजी, दुकानदार, शिपाई येतील. रेल्वेला पत्र पाठवून करमाड ते बदनापूर टप्प्यावर 2020 च्या त्या मे महिन्यात ड्यूटीला असलेल्या की-मॅनला बोलवा आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारा, त्या आठवड्यात रुळावर त्याने किती माणसं पाहिली.