एकराचे अनुदान, कष्टकऱ्याला ठेंगा

शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून अमेरिकी सरकार मिरविते. पण हा शेतकरी कोण? देशाचा सुमारे अर्धा तांदूळ पिकविणाऱ्या आर्कान्सा राज्यातील ग्रामीण आर्कान्सा काउंटीत साहाय्य मिळते ते माणूस पाहून नव्हे, एकर मोजून. तांदळाचा संदर्भभाव २०१४ च्या कायद्याने शंभर पौंडांस १४ डॉलर ठरला. २०२५ मध्ये तो १६.९० वर नेण्यात आला. बाजारभाव त्याखाली घसरला की फरक सरकार भरते. माणशी मर्यादा आहे. परंतु भागीदार वाढविले की तीही फुगते. जमीन मोठी, त्याची थैली मोठी!

हाच तांदूळ हैतीत उतरला. १९९५ मध्ये त्या देशाला तांदळावरील आयातकर ३५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणावयास लावले. तेथील भातशेतकरी बुडाला. मूळचे आर्कान्साचेच असलेल्या क्लिंटन यांनी २०१० मध्ये सिनेट समितीपुढे ही चूक कबूल केली. तरीही २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप घेतला तो भारताच्या गहू-तांदळाच्या हमीभावावर!

अनुदान नको, संरक्षणही नको, हा बाजारवाद्यांचा उपदेश. त्याचे फळ हैतीने भोगले. समाजवाद्यांची मागणी निराळीच असली पाहिजे: साहाय्य एकराला नव्हे, कसणाऱ्या कुटुंबाला द्या; आणि एका देशाच्या तिजोरीने दुसऱ्या देशाचा शेतकरी मारू नका.