ओसरीवरून : आबांचे कमळाचे टाके



दोन वर्षांपूर्वी आमच्या आबांनी बैलजोडी विकली. हातातला कासरा सुटला, तसे त्यांचे बोलणेही सुटले. सकाळी ओसरीवर बसायचे ते दिवे लागेपर्यंत. नजर समोरच्या रिकाम्या दावणीवर. एक दिवस सूनबाई म्हणाल्या, "दावणीच्या जागी कमळाचे टाके बांधू या. आबांच्या डोळ्यांपुढे काहीतरी जिवंत हवे."

मला ते पटेना. आपल्या जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. तिथे शोभेसाठी पाणी साठवायचे? मग हिशेब मांडला. टाके ५ फूट लांब, ३ फूट रुंद, पाणी दीड फूट. एकदा भरायला सुमारे ६०० लिटर, म्हणजे तीन पिंपे. भर उन्हाळ्यात दिवसाला ७-८ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी रोजची एक घागर. तेवढे तर भांडी घासताना सांडते.

बांधकाम सोपे आहे. कट्टा जमिनीपासून दीड फूट उंच आणि फूटभर रुंद ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गुडघे न दुखता त्यावर बसता येते. भोवतालची फरशी खरबरीत हवी. शेवाळावर पाय घसरला तर खुब्याचे हाड जाते. घरात लहान मूल असेल तर वर लोखंडी जाळी टाकाच. नव्या सिमेंटचे पाणी दोन-तीनदा बदलल्याशिवाय मासे सोडू नका. कमळाला पसरट कुंडीत काळी चिकण माती व तळाशी मुरलेले थोडे शेणखत द्या. ओल्या शेणाने पाणी नासते. टाक्यावर पाच-सहा तास ऊन यायला हवे.

डासांची भीती खरी आहे. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्यावर उपाय गप्पी मासे. ते डासांच्या अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. मात्र हे मासे नदी-ओढ्यात सोडू नका, तिथल्या मूळच्या जिवांना ते त्रासदायक ठरतात.

टाक्यातले पाणी बदलाल तेव्हा ते तुळशीला, कढीपत्त्याला घाला. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहा. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळाने आणून त्यावर दळण दळले जाई, आणि त्याच पाण्याच्या हौदाकाठी माणसे विसावत. आपल्या कोरड्या मुलखात पाण्याची शोभा अशी कामाला जोडूनच आली आहे. दुष्काळ पडलाच तर मासे माठात ठेवावेत, कमळाचे कंद बादलीभर ओल्या चिखलात जगवावेत आणि टाके कोरडे राहू द्यावे. माणसे-जनावरे आधी.

असो. पहिली कळी आली तेव्हा आबा दिवस उजाडायच्या आत कट्ट्यावर जाऊन बसले. कमळ सकाळी उमलते, दुपारकडे मिटते, आणि तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतात. आबांनी ते सगळे दिवस मोजले. आता चिमण्या पाण्यावर आल्या की नातवंडांना ओरडून गप्प करतात.

परवा मी शेताकडे निघालो होतो. मागून हाक आली, "अरे, पाणी दोन बोटं उतरलंय. घागर कोण आणणार?"

किती दिवसांनी आबा माझ्यावर रागावले होते! मी मुकाट्याने घागर आणली.