विश्लेषण : जपानच्या डोंगरात गोल्फ इतके स्वस्त कसे?

चहूबाजूंनी जंगल, डोंगराच्या कुशीत अठरा होलचे गोल्फचे मैदान, मधल्या सुट्टीत जेवण आणि खेळून झाल्यावर गरम पाण्याच्या कुंडात डुंबणे. या सगळ्याचे पॅकेज पाच-सहा हजार येनपासून, म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार रुपयांपासून. जपानमधल्या डोंगराळ भागात सोमवार ते शुक्रवार अशा सवलती सहज मिळतात. एकेकाळी याच देशात गोल्फ खेळणे ही फक्त बड्या लोकांची चैन होती. मग हे घडले कसे?

त्यासाठी १९८७ मध्ये जावे लागते. त्या वर्षी जपानने ‘रिसॉर्ट कायदा’ केला. ओस पडत चाललेल्या ग्रामीण भागात पर्यटन वाढावे म्हणून करसवलती आणि स्वस्त कर्जे देण्यात आली, शेतजमीन आणि वनजमिनीवरचे निर्बंधही सैल झाले. जमिनींचे भाव तेव्हा गगनाला भिडले होते आणि बँका कर्ज द्यायला एका पायावर तयार होत्या. डोंगरमाथे कापून, दऱ्या भरून मैदाने उभी राहिली. एका मैदानाला साधारण १०० हेक्टर जागा लागते. हिरवळ राखण्यासाठी फवारलेली कीटकनाशके ओढ्यांत उतरू लागली, तेव्हा गावोगावी विरोध सुरू झाला. १९९० मध्ये सरकारला या फवारणीसाठी मार्गदर्शक मर्यादा घालून द्याव्या लागल्या.

पण मैदानांसाठी पैसा आला कुठून? बराचसा सदस्यांकडून. सदस्य होताना मोठी ठेव द्यायची, ती साधारण दहा वर्षांनी बिनव्याजी परत मिळणार, अशी ही योजना होती. ही सदस्यत्वे शेअरसारखी विकली जात. टोकियोजवळच्या कोगानेई क्लबच्या सदस्यत्वाचा भाव ४० कोटी येनच्या पुढे गेला होता. गोल्फची काठी हातात न धरणारेही त्यात पैसे गुंतवत.

फुगा फुटला आणि पुढच्या दहा वर्षांत ठेवी परत करण्याची वेळ आली. क्लबांकडे पैसे नव्हते, ते मातीकामात आणि आलिशान क्लबहाउसमध्ये मुरले होते. एकामागून एक क्लब दिवाळखोरीत गेले आणि अनेक ठेवीदारांच्या हाती मूळ रकमेचा किरकोळ हिस्सा लागला. गोल्डमन सॅक्स, लोन स्टार अशा परदेशी गुंतवणूकदारांनी ही मैदाने पडत्या भावात उचलली.

आजच्या सवलतीचे मूळ इथे आहे. डोंगर कापण्याचा खर्च आधीच बुडीत खात्यात गेलेला असल्याने नव्या मालकाला तो वसूल करायचा नाही. गवत मात्र रोज कापावेच लागते, मग खेळायला दहा जण येवोत की शंभर. त्यामुळे मंगळवारची सकाळ रिकामी जाण्यापेक्षा ती निम्म्या दरात विकलेली परवडते. बऱ्याच ठिकाणी कॅडीही नसतो, खेळाडू स्वतःच गाडी चालवतात.

हे गणित तरी किती वर्षे चालणार? मंगळवारी सकाळी वेळ असतो तो निवृत्तांना. जपानमधली युद्धोत्तर मोठी पिढी, १९४७ ते १९४९ दरम्यान जन्मलेली, आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. बंद पडलेल्या काही मैदानांवर सौर पॅनेल बसली आहेत. २०१२ मध्ये सौरविजेला चढा हमीभाव मिळाल्यावर सपाट केलेली, रस्ता असलेली तयार जागा कंपन्यांना आयतीच सापडली.

गावांची अडचण वेगळीच आहे. जपानमध्ये गोल्फ खेळणाऱ्यांवर खास कर आहे, प्रमाण दर माणशी ८०० येन. त्यातला ७० टक्के वाटा मैदान असलेल्या गावाला किंवा शहराला मिळतो आणि उत्पन्नाची इतर साधने नसलेल्या डोंगरी गावांसाठी तो मोठा आधार असतो. पण सत्तरीपुढच्यांना हा कर माफ आहे. म्हणजे कामाच्या दिवशी मैदान भरवणारे हे आजोबा रिसॉर्टला गिऱ्हाईक मिळवून देतात, गावाच्या तिजोरीत त्यांच्याकडून या कराचा एक येनही येत नाही. हा कर पूर्णच रद्द करा, अशी गोल्फ संघटनांची जुनी मागणी आहे. गावांचा त्याला तितकाच जुना विरोध आहे.